श्रीलंका रस्त्याने, गटाने: मराठवाड्यातून जाणाऱ्यांसाठी बारा दिवसांची आखणी

श्रीलंकेचं क्षेत्रफळ सुमारे ६५,६०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्याएवढंच. नकाशा पाहून लोक फसतात ते इथेच. ‘एवढंसं बेट, पाच दिवसांत उरकू’ असा हिशेब होतो आणि मग रोज नवं हॉटेल, रोज सहा-सात तास बस आणि जंगल फक्त खिडकीतून. संभाजीनगर ते लातूर अंतर आपण ज्या वेळात कापतो, त्या वेळात श्रीलंकेच्या डोंगरात त्याच्या निम्मंही अंतर कापून होत नाही. कँडी ते नुवारा एलिया अवघं ७७ किलोमीटर. बसला तीन तास धरावेत. शिवाय प्राणी दिसतात ते पहाटे आणि दुपारी चारनंतर. त्या वेळी गट बसमध्ये असेल तर पुढचा सगळा खर्च वाया. म्हणून ठिकाणं कमी ठेवा, दोन-तीन ठिकाणी मुक्काम लांबवा आणि दिवसाचं वेळापत्रक जनावरांच्या घड्याळावर बांधा. खालची आखणी अकरा रात्री आणि सहा मुक्कामांची आहे.

आधी महिना ठरवा

बेटावर दोन मान्सून येतात. मे ते सप्टेंबरमध्ये नैर्ऋत्येचा पाऊस कोलंबो, गाले, सिंहराजाचं वर्षावन आणि डोंगराच्या पश्चिम उतारावर कोसळतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्येचा पाऊस पूर्व किनारा आणि उत्तर भाग भिजवतो. मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बेटभर दुपारी ढग दाटून गडगडाटी पाऊस होतो. आपल्याकडे सहली निघतात दिवाळीत किंवा मे महिन्यात, आणि या मार्गासाठी नेमके हेच दोन काळ अडचणीचे. मेमध्ये दक्षिण किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो आणि देवमासे दाखवणाऱ्या बोटी बंद होतात. दिवाळीत दुपारची सफारी पावसात जाण्याची शक्यता बरीच.

इथे दिलेला मार्ग जानेवारी अखेर ते मार्च या काळासाठी आहे. वेळ अमावस्या आटोपली, सोयाबीनचे पैसे हातात आले, हरभरा काढायला अजून अवकाश आहे, असा तो काळ. शाळकरी मुलं असतील तर सुट्टी मागावी लागेल हे खरं. मेमध्येच जाणं भाग असेल, तर दक्षिण किनारा आणि सिंहराजा वगळून पूर्वेला त्रिंकोमाली घ्या. मे ते ऑगस्टमध्ये देवमासे तिकडे दिसतात. मिन्नेरियाच्या तलावावर हत्तींचा मोठा मेळा पाहायचा असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर गाठा, पण ‘याला’ नावाच्या राष्ट्रीय उद्यानाचा मुख्य भाग दुष्काळामुळे साधारण सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवतात, हे ध्यानात असू द्या.

दोन तारखा टाळाच. १३-१४ एप्रिलला सिंहली आणि तमिळ नववर्ष असतं. दुकानं, चालक, स्वयंपाकी सगळेच गावी जातात. आणि कँडीची एसला पेराहेरा मिरवणूक, जुलै-ऑगस्टमध्ये. ती पाहण्यासाठीच जात असाल तर गोष्ट वेगळी, नाहीतर हॉटेलचे दर ऐकून घाम फुटतो. दर पौर्णिमेला तिथे ‘पोया’ची सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी दारूविक्री बंद आणि देवळांत तुडुंब गर्दी. पंचांग जवळ ठेवून आखणी करा.

गट किती जणांचा

सोळा हा सोयीचा आकडा. सफारीची जीप सहा आसनी असते, पण सहा जण बसले की मधल्यांना समोरच्याची मान दिसते. चौघं बसले की प्रत्येकाला कडेची जागा मिळते. सोळा जणांना चार जीप, आठ खोल्या आणि एक मिनी कोच, असा हिशेब नीट बसतो. वीसच्या वर गेलात की डोंगरातल्या वळणांवर मोठी बस अडते आणि प्रत्येक ठिकाणी पाऊण तास फक्त मोजदादीत जातो. सात-आठ जणांचा गट असेल तर उंच छताची व्हॅन घ्यावी. मागच्या रांगेत सामान ठेवल्यावर किती जागा उरते, ते आधी विचारा.

माणसांची निवडही गटाच्या आकड्याइतकीच महत्त्वाची. ज्यांना पहाटे साडेचारला उठवणं हा अन्याय वाटतो आणि ज्यांना जंगलात गाणी लावल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांच्यासाठी कोलंबो-बेंटोटाची दुसरी सहल आहे. पैसे गोळा करण्यापूर्वीच हे स्पष्ट सांगून टाकलेलं बरं.

सहल कंपनीशी बोलताना

आपल्याकडून सोबत येणारा मराठी सहल व्यवस्थापक आणि तिथला परवानाधारक गाईड ही दोन वेगळी माणसं आहेत. पहिला जेवण, खोल्या, औषधं, रुसवेफुगवे सांभाळतो. रस्ता, जंगल, देऊळ आणि माणसं यांची माहिती दुसऱ्याकडे. श्रीलंका पर्यटन विकास प्राधिकरण गाईडना वेगवेगळ्या श्रेणींचे परवाने देतं: राष्ट्रीय गाईड, चालक-गाईड, विभागीय गाईड, एकाच स्थळापुरता गाईड. सोळा जणांच्या गटाला पूर्णवेळ राष्ट्रीय गाईड मागा. चालकानेच गाईडचं काम करणं चौघांच्या मोटारीत चालून जातं. मिनी कोचमध्ये त्याचं लक्ष रस्त्यावरच हवं.

कोटेशन आलं की खालच्या गोष्टी लेखी मागून घ्या. तोंडी ‘सगळं इन्क्लुडेड आहे’ याला काही अर्थ नाही.

- प्रत्येक अभयारण्याचं नाव, सफारी सकाळची की दुपारची, एका जीपमध्ये किती जण.
- प्रवेश तिकिटं धरली आहेत का. अभयारण्यात माणशी तिकीट, गटाचं सेवाशुल्क, जीपचं शुल्क आणि वर व्हॅट असा बोजा चढत जातो. ‘जीप समाविष्ट’ या शब्दांत तिकीट येतंच असं नाही.
- हॉटेलची नावं. ‘किंवा तत्सम’ लिहिलं असेल तर ते जंगलाच्या फाटकापासून किती अंतरावर, हे विचारा. यालासाठी तिस्सामहारामलाच राहावं; दूर डोंगरातल्या एल्लाला ठेवून पहाटे अडीचला उठवणारे महाभाग आहेत.
- पहाटेच्या सफारीला नाश्त्याचे डबे मिळणार का.
- विमान चुकलं किंवा रस्ता बंद झाला तर जादा रात्रीचा खर्च कोणाचा.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच कापला जाणारा कर, आकारला जातो. तो पॅन क्रमांकावर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. सोळा जणांचे पैसे एकाच्याच खात्यातून भरले, तर सगळा टीसीएस त्या एकाच्या नावावर दिसतो आणि पुढे वाटणीचा घोळ होतो. ज्याचे त्याने भरावेत.

कागदपत्रं, पैसा, प्लग

पासपोर्ट प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध हवा. प्रवेशासाठी इलेक्ट्रॉनिक परवाना लागतो. भारतीयांसाठी त्याच्या शुल्काचे नियम २०२३ नंतर अनेकदा बदलले. म्हणून तिकीट काढताना एकदा आणि निघण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा, सरकारी संकेतस्थळावरच पाहा. तसंच दिसणारी दलालांची संकेतस्थळं जादा पैसे घेतात. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून फिरू नका: सिगिरियाचा खडक, पोलोन्नरुवाचे प्राचीन अवशेष अशा ठिकाणी सार्क देशांच्या नागरिकांना सवलतीचं तिकीट मिळतं आणि खिडकीवर मूळ पासपोर्ट मागतात.

लातूर, नांदेड, धाराशिवकडच्यांनी मुंबईबरोबर हैदराबादहून कोलंबोला जाणाऱ्या विमानांचेही दर तपासावेत. संभाजीनगर, जालना, परभणीकरांना रात्रीची रेल्वे घेऊन सकाळी मुंबई सोयीची, पण रेल्वे आणि विमान यांच्यात किमान आठ तास मोकळे ठेवा. मुंबई ते कोलंबो उड्डाण सुमारे अडीच तासांचं. घड्याळ बदलावं लागत नाही.

एका भारतीय रुपयाला तीन-साडेतीन श्रीलंकन रुपये मिळतात; नक्की दर त्या दिवशी पाहा. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय सुरू झालं आहे, मात्र ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय पेमेंट आधी चालू करावं लागतं आणि ते लंका-क्यूआर असलेल्या दुकानांतच चालतं. शहाळेवाला, देवळाबाहेर चपला सांभाळणारा, जीपमध्ये जनावरांचा माग काढणारा ट्रॅकर यांना रोख लागते. बक्षिसासाठी गटाची एक थैली करा आणि एकाच माणसाने द्या, नाहीतर एका जीपच्या चालकाला चौघांकडून मिळतं आणि दुसऱ्याला कोणाकडूनच नाही. सॉकेट बहुतेक ठिकाणी तीन चौकोनी पिनांचं ब्रिटिश पद्धतीचं असतं. प्रत्येक खोलीमागे एक ॲडाप्टर घ्या.

सराव आणि सामान

मेमध्ये बेचाळीस अंश सोसणाऱ्या माणसाला तिथले बत्तीस अंश किरकोळ वाटतात आणि तोच दुसऱ्या दिवशी झोपतो. कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग गार पडतं. तिथल्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो, शरीर आतून तापत जातं आणि तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो. दर तासाला पाणी प्या, दिवसाला ओआरएसचं एक पाकीट. सिगिरियाच्या साधारण १२०० पायऱ्या आहेत. निघण्याआधी महिनाभर दर रविवारी देवगिरीचा किल्ला चढा. बालेकिल्ल्यापर्यंत न थांबता जाणारा माणूस सिगिरियाला आरामात पोचतो. नवी दुर्बीण घेतली असेल तर ती नाथसागराच्या काठावर हाताळून पाहा. ८x४२ ची पुरते, त्यापेक्षा जास्त शक्तीची चालत्या जीपमध्ये हलते.

सामानात फिक्या मातकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, देवळांसाठी पांढरा जोड, नुवारा एलियासाठी स्वेटर आणि कानटोपी (जानेवारी-फेब्रुवारीत तिथे पहाटे कधी दवही गोठतं), डासांचं मलम. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंकेला हिवतापमुक्त जाहीर केलं, पण डेंग्यू आहे आणि त्याचा डास दिवसा चावतो. सिंहराजाला जाणार असाल तर जळवांचे मोजे घ्या, त्याबद्दल पुढे.

जेवण: शाकाहारी आणि माळकरी मंडळींसाठी

हा भाग नीट वाचा, कारण इथे फसगत ठरलेली. श्रीलंकेत ‘व्हेजिटेबल करी’ म्हटलं तरी तिच्यात उंबलकड असू शकते. उंबलकड म्हणजे वाळवून कडक केलेल्या माशाचा चुरा. खोबऱ्याच्या लाल चटणीत, म्हणजे पोल सांबोलमध्ये, तो हमखास घालतात. स्वयंपाक्याच्या लेखी तो मसाला, मासा नव्हे. त्यामुळे ‘नो फिश’ म्हणून भागत नाही. सरळ सिंहलीत सांगा: ‘उंबलकड एपा’, ‘मालु एपा’ (मासा नको), ‘मस् एपा’ (मांस नको), ‘बित्तर एपा’ (अंडं नको). ही चार वाक्यं सगळ्यांनी पाठ करावीत. रस्त्याकडेचा कोत्तू टाळावा. तव्यावर दोन पात्यांनी खडखड करत पोळी कापतात, पण त्याच तव्यावर आधी कोंबडी आणि अंडं कापलेलं असतं.

बिनधास्त खाण्याजोगंही भरपूर आहे: नारळाच्या दुधातलं परिप्पू, म्हणजे मसुरीचं वरण; शेवयांच्या चकत्यांसारखे इंडिआप्पे; पोल रोटी; फणसाची कालवणं. ‘दिवुल’ नावाचा रस दिसला की घ्या, ते आपलं कवठ. तेंबिली हे केशरी रंगाचं शहाळं. दक्षिणेकडे रस्त्याकडेला मातीच्या पसरट मडक्यांत म्हशीचं घट्ट दही विकतात, वर कितुल माडाचा काकवीसारखा पाक ओततात. मडकं उलटं केलं तरी दही पडत नाही, असा विकणाऱ्याचा दावा असतो आणि बहुधा तो खरा निघतो.

सोबत आचारी न्यायची टूम मराठी सहलींत आहे. इथे ती नको. त्याच्या वेळापत्रकापायी पहाटेची सफारी हुकते. त्यापेक्षा घरून शेंगदाण्याची चटणी, पहिल्या दोन दिवसांचे धपाटे, येसराची पुडी आणि लोणचं न्या.

पहिला ते चौथा दिवस: हबराना

विमानतळ कोलंबोत नसून कटुनायकेला आहे. सकाळी उतरलात तर थेट हबराना, सुमारे दीडशे किलोमीटर, चार तास. दुपारनंतर उतरणार असाल तर नेगोंबोला झोपा आणि हबरानाची एक रात्र कमी करा. अंधारात या रस्त्यावर हत्ती आडवे येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडताच सिगिरिया. पाचव्या शतकात राजा कश्यपाने सुमारे १८० मीटर उंच खडकावर राजवाडा बांधला. मध्यावर कपारीत अप्सरांची चित्रं आहेत. अजिंठा पाहिलेल्या माणसाला ओळख लगेच पटते: तीच वळणदार रेषा, तसाच अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचा भाव. चित्रांचे फोटो काढायला बंदी आहे. मोबाईल काढलात तर पहारेकरी धावून येतो. सिंहपंजाच्या चौथऱ्यावरून शेवटचा लोखंडी जिना सुरू होतो. तिथल्या कड्यावर आग्यामोहळं असतात आणि शांत राहण्याच्या पाट्या लावलेल्या आहेत. त्या शोभेच्या नाहीत. अत्तर, सेंट लावू नका, आरोळ्या मारू नका. दहाच्या आत खाली या. नंतर खडक तापतो.

दुपारी तीनला सफारी. मिन्नेरिया, कौडुल्ला आणि हुरुलु ही तीन जंगलं एकमेकांना लागून आहेत आणि हत्ती त्यांच्यात फिरतात. मिन्नेरियाचा तलाव तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या संधिकाळात राजा महासेनाने बांधला. ऑगस्ट-सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत पाणी ओसरतं, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत येतं आणि त्यासाठी शेकडो हत्ती जमतात. जानेवारी-फेब्रुवारीत मात्र तलाव भरलेला असतो, गवत पाण्याखाली जातं आणि कळप हुरुलुकडे सरकतात. म्हणून ‘मिन्नेरियाच पाहिजे’ असा हट्ट धरू नका. आज हत्ती कुठे आहेत हे जीपवाल्यांना दुपारी एकपर्यंत कळलेलं असतं. गाईडने त्यांना विचारूनच तिकीट काढावं. नरांना मोठे सुळे नाहीत म्हणून हिरमुसू नका: श्रीलंकेत दहातल्या एकाही नराला सुळे नसतात म्हटलं तरी चालेल.

मराठवाड्यातल्या माणसाने इथे बंधाऱ्यावर अर्धा तास थांबावं. हा श्रीलंकेचा कोरडा पट्टा. वरच्या तलावाचं जादा पाणी खालच्या तलावात, तिथून पुढच्या, अशी तळ्यांची माळ गावोगाव लावलेली आहे. बांधाच्या आतल्या अंगाला चौकोनी, विहिरीसारखं दगडी बांधकाम दिसेल. त्याला ‘बिसोकोटुव’ म्हणतात. तलावाचं पाणी आधी त्या हौदात येतं, तिथे त्याचा जोर मोडतो आणि मग ते मोरीतून कालव्यात जातं. थेट सोडलं असतं तर दाबाने मातीचा बांध फुटला असता. दोन हजार वर्षांपूर्वीची ही युक्ती गाईडला मुद्दाम दाखवायला सांगा, कारण ठरलेल्या सहलीत ती कोणी दाखवत नाही.

तिसऱ्या दिवशी एकच निवडा: अनुराधापुर-मिहिंतले किंवा दांबुल्ला. बौद्ध उपासकांचा गट असेल तर प्रश्नच नाही. सम्राट अशोकाची कन्या संघमित्ता हिने इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात आणलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचा वृक्ष अनुराधापुरला आहे. अशोकाचा मुलगा महेंद्र आणि तिथला राजा देवानंपिय तिस्स यांची भेट झाली ते मिहिंतले जवळच. दांबुल्लाच्या पाच गुहा वेरूळसारख्या कोरलेल्या नाहीत. नैसर्गिक कपारीला भिंती घालून देवळं केली आणि छतभर चित्रं काढली. दोन्हीकडे अनवाणी चालावं लागतं आणि दुपारी फरशी पाय भाजते. जाड पायमोजे चालतात.

एक नियम सगळीकडे: बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, सेल्फी तर नाहीच. अंगावर बुद्धाचं चित्र गोंदलेलं असेल तर झाकून ठेवा. यावरून पर्यटकांना देशाबाहेर काढल्याची उदाहरणं आहेत.

चौथी आणि पाचवी रात्र: माहियंगना, कँडी

चौथ्या दिवशी सकाळी पोलोन्नरुवा. गल विहाराचे चार बुद्ध एकाच लांब खडकात कोरले आहेत. त्यासाठी दीड तास राखून ठेवा. मग माहियंगना गाठा.

जवळच्या दंबानाला वेद्दा लोक राहतात, बेटाचे आदिवासी. शिकार आणि मध यांवर त्यांचं जगणं होतं. १९८३ मध्ये मादुरु ओया राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्यांची शिकारीची रानं त्यात गेली. पिढ्यानपिढ्यांच्या जंगलात जायला परवाना लागू लागला. ही गोष्ट न सांगता जो गाईड फक्त धनुष्यबाणाचं प्रात्यक्षिक दाखवतो, तो अर्धीच भेट घडवतो. पाचव्या दिवशी सकाळी आठपर्यंत जा, विड्याची पानं-सुपारी न्या, आधी गावच्या प्रमुखाला भेटा. ते दोन्ही हातांनी आपले हात धरून अभिवादन करतात. पुरुषांच्या खांद्यावर कुऱ्हाड असते. मुलांना पैसे किंवा चॉकलेट वाटू नका. द्यायचंच असेल तर मध विकत घ्या.

माहियंगना-कँडी रस्ता अवघड वळणांचा आहे, बस लागणाऱ्यांनी पुढे बसावं. नोव्हेंबर २०२५ च्या दितवा चक्रीवादळात डोंगराळ भागात दरडी कोसळून रस्ते आणि रेल्वेमार्ग तुटले. हा रस्ता आणि पुढची रेल्वे चालू आहे का, हे निघण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या. बंद असेल तर दंबाना सोडून हबरानाहून दांबुल्लामार्गे कँडीला या, अडीच-तीन तास.

कँडीत संध्याकाळी साडेसहाची दंतधातू मंदिराची, म्हणजे बुद्धाचा दात जपलेल्या मंदिराची पूजा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पाऊण तास आधी रांगेत उभं राहा. १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब आंबेडकर श्रीलंकेत आले होते, आणि मराठवाड्यातून येणाऱ्या अनेकांसाठी या भेटीला तोही एक संदर्भ असतो. दुसऱ्या सकाळी पेरादेनियाची वनस्पती बाग पाहून नुवारा एलियाकडे निघा.

नुवारा एलिया: चहा आणि हॉर्टन प्लेन्स

वाटेत चहाचा कारखाना येतो. पानं लांबलचक जाळीच्या हौदांत पसरून खालून वारा सोडतात, मग मळतात, आंबवतात, वाळवतात, चाळतात. रविवारी आणि पोयाला यंत्रं थांबलेली असण्याची शक्यता असते. मळ्यात पानं खुडणाऱ्या बायका तमिळ आहेत. एकोणिसाव्या शतकात कॉफीवर तांबेरा पडला, मळेवाले चहाकडे वळले आणि दक्षिण भारतातून मजूर आणत राहिले. १९४८ च्या कायद्याने त्यांतल्या बहुतेकांना नागरिकत्व नाकारलं गेलं. तो प्रश्न पुढे कित्येक दशकं चालला. ‘वणक्कम’ म्हणा, विचारूनच फोटो काढा. १४-१५ जानेवारीला गेलात तर आपल्या संक्रांतीच्या वेळी त्यांचं पोंगल चालू असतं.

हॉर्टन प्लेन्ससाठी पहाटे पावणेपाचला निघावं. फाटक सहाला उघडतं, पठार २१०० मीटरच्या वर आहे, वर्ल्ड्स एंडचा कडा सुमारे ८७० मीटर खोल. नऊ-साडेनऊला दरीतून धुकं वर येतं आणि मग पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही. उशिरा पोचणाऱ्या गटांची हमखास निराशा होते. फेरी साधारण नऊ किलोमीटरची. आधी कडा गाठा, बेकर धबधबा परतीला. प्रवेशाला पिशव्या तपासून प्लास्टिक काढून घेतात, म्हणून खाऊ कापडात किंवा स्टीलच्या डब्यात न्या. वाहनतळाजवळ सांबरं अगदी जवळ येतात. लोक भरवतात म्हणूनच येतात. तुम्ही भरवू नका.

आठव्या दिवशी रेल्वे चालू असेल तर नानु ओया ते एल्ला तीन तास रेल्वेने, बस सामान घेऊन पुढे जाईल. आरक्षण कंपनीने आधीच करायला हवं. रस्त्याने गेलात तर सीता एलियाचं मंदिर वाटेवर आहे. अर्धा तास पुरतो. एल्लाला राहण्यापेक्षा नऊ कमानींचा पूल पाहून तिस्सामहारामला उतरा.

याला, उडावलवे

श्रीलंकेत वाघ नाही. म्हणून बिबट्याच सर्वांत मोठा शिकारी आणि तो दिवसाढवळ्या उघड्या खडकावर बसतो. आपल्याकडे उसात लपणारा बिबट्या पाहिलेल्यांना हे पटत नाही. फाटक सहाला उघडतं, पण जीप सव्वापाचला रांगेत हवी. खरा त्रास गर्दीचा. बिबट्या दिसला की फोनाफोनी होते आणि वीस-तीस जीप एकाच वळणावर अडकतात. चालकाला आदल्या रात्री गाईडमार्फत सांगून ठेवा: पाठलाग नको, वेग नको, एखाद्या पाणवठ्यावर अर्धा तास इंजिन बंद करून थांबायचं. असं थांबणाऱ्यांना बिबट्या नसला तरी अस्वल, मगर, रानडुकरं, चित्रबलाक निवांत दिसतात. मे ते जुलैत पालूची, म्हणजे आपल्या खिरणीची फळं पिकतात आणि अस्वलं झाडावर चढलेली सापडतात. जीपमधून उतरायचं नाही. पटनंगलाच्या किनाऱ्यासारख्या ठरलेल्या जागीच उतरू देतात.

संध्याकाळी कतरगामा. कार्तिकेयाचं हे देवस्थान हिंदू, बौद्ध, मुस्लिम आणि वेद्दा असे सगळे मानतात. त्याची पत्नी वल्ली ही वेद्दांची मुलगी, अशी कथा आहे. आपल्याकडे कार्तिकस्वामीच्या दर्शनाबाबत बायकांना जी बंधनं सांगतात, ती तिथे नाहीत. फळांचं ताट घेऊन बायकाच रांगेत जास्त असतात.

दहाव्या दिवशी सकाळी सातला निघून उडावलवेचं हत्ती संगोपन केंद्र गाठा. १९९५ पासून तिथे आई हरवलेल्या पिल्लांना वाढवून पुन्हा जंगलात सोडतात. दर तीन तासांनी दूध पाजतात; सकाळी नऊची वेळ साधा. पाहायचं लांबून, हात लावायचा नाही. पिन्नवलाच्या हत्ती अनाथालयात हत्तींच्या अंघोळीची गर्दी, साखळ्या आणि सोबतचे फोटो असतात. आमच्या मते ते वगळावं. हत्तीवर बसण्याचा कार्यक्रम कोटेशनमध्ये असेल तर खोडून टाका.

मिरिस्सा, आणि हवं असल्यास सिंहराजा

उडावलवेहून दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिस्साला या. इथे समुद्रतळ एकदम खोल जातो, म्हणून निळा देवमासा किनाऱ्यापासून फार दूर नसतो. डिसेंबर ते एप्रिल हा हंगाम. बोट सकाळी साडेसहाला सुटते आणि तीन ते पाच तास लागतात. आपल्यातल्या बहुतेकांना समुद्राची सवय नाही. डॉक्टरांना विचारून उलटीची गोळी बोटीत चढण्याआधी तासभर घ्या. मळमळ सुरू झाल्यावर ती उपयोगी पडत नाही. रिकाम्या पोटी जाऊ नका, वरच्या डेकपेक्षा खाली मागच्या बाजूला बसा, नजर क्षितिजावर. देवमाशाच्या अंगावर बोट घालणाऱ्यांना कमी पैशांत गिऱ्हाईक मिळतं. किमान शंभर मीटर लांब थांबणारी बोट मागा. दुपारी गालेचा डच किल्ला.

पक्षी पाहणारे असतील तर मिरिस्साची एक रात्र देनियायाला हलवा आणि सिंहराजात जा. १९८८ पासून हे वर्षावन जागतिक वारसा यादीत आहे. इथले पक्षी सुटे दिसत नाहीत. अनेक जातींचे मिळून एक थवा निघतो. पंधरा मिनिटं शांतता, मग अचानक सगळी झाडं हलू लागतात. गाईड सक्तीचा आहे. जळवांचे मोजे घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे आणि पॅन्टच्या वरून बांधायचे असतात. पॅन्टच्या आत घातले तर जळू आत शिरते. चिकटली तर ओढू नका, नखाने तिचं तोंड कडेने सरकवा. रक्त बराच वेळ वाहतं कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा घटक असतो. साबणाने धुऊन कापसाने दाबून धरा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्यांनी हे जंगल टाळलेलं बरं.

शेवटच्या दिवशी मिरिस्सा ते कटुनायके द्रुतगती मार्गाने साडेतीन तास धरा आणि उड्डाणाच्या सात तास आधी निघा. उरलेले श्रीलंकन रुपये विमानतळावर बाहेरच्याच काउंटरवर बदला, पावती जपून ठेवा. मुंबईत किंवा हैदराबादेत ते घेणारा शोधत बसावं लागतं.